उघड्या टपाची अमेरिकन मोटार विकत घेताना

पुण्यात जुन्या मोटारींची फेरी निघाली, की कोणत्या गाडीभोवती अधिक गर्दी होणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. इंग्लिश बनावटीच्या आटोपशीर गाड्यांचे कौतुक होते, परंतु लोक थबकतात ते उघड्या टपाच्या, क्रोमने मढवलेल्या लांबलचक अमेरिकन मोटारीपाशी. अशी एखादी मोटार 'संपूर्ण रिस्टोअर केलेली' म्हणून विक्रीस निघते, तेव्हा हौशी ग्राहक पहिला प्रश्न किमतीचा विचारतो. वास्तविक तो शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वेगळाच असला पाहिजे : ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा उघड्या टपाची होती काय?

हा प्रश्न भारतातच इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. १९२० च्या दशकात मोटार म्हणजे बहुधा उघडी गाडीच असे. कापडी टप मागे दुमडायचा आणि पाऊस आला की बाजूंना पडदे लावायचे, अशी ती 'टूरर'. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये, तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत बस्तान बसविले. शिवडीला सुट्या भागांच्या पेट्यांतून शेवरोले गाड्या जुळू लागल्या आणि दख्खनच्या संस्थानिकांपासून वकील-डॉक्टरांपर्यंत अमेरिकन मोटार पोहोचली. पुढे बंद टपाची गाडी स्वस्त झाली आणि उघडी गाडी ही गरज न राहता चैन बनली. दारांना वर-खाली होणाऱ्या काचा आणि त्यांवर घट्ट बसणारा, दुमडता येणारा टप असलेली ती 'कन्व्हर्टिबल'. टूरर आणि कन्व्हर्टिबल यांतला हा फरक विक्रेते सर्रास पुसून टाकतात, म्हणून मुद्दाम सांगितला.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जुळविण्यास आरंभ केला. मात्र या गाड्या प्रामुख्याने चार दारांच्या सेडान होत्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर, ज्यांना येथे उत्पादन करावयाचे नाही त्यांनी नुसती जुळणी करू नये, असे धोरण सरकारने स्वीकारले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. त्यानंतर परदेशी मोटार येण्याच्या वाटा अरुंद झाल्या. परकीय वकिलातींच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, ही त्यांपैकी एक प्रमुख वाट. पन्नाशीच्या उत्तरार्धातील आणि साठीतील पुष्कळशा इम्पाला गाड्या याच मार्गाने भारतीय मालकांकडे आल्या. 'इम्पाला' हा शब्द श्रीमंतीचा प्रतिशब्द झाला तो याच काळात.

तात्पर्य, अस्सल अमेरिकन कन्व्हर्टिबल भारतात मुळातच थोड्या आल्या, सेडान मात्र पुष्कळ होत्या. मागणी उघड्या गाडीला आणि पुरवठा बंद गाडीचा, अशा स्थितीत जे व्हायचे तेच झाले. चित्रीकरणासाठी, वरातीसाठी आणि पुढे हौशी ग्राहकांसाठी सेडानचे टप कापण्यात आले. कारागिरी इतकी सफाईदार, की रंग चढल्यावर नवख्याला पत्ता लागू नये.

टप कापलेली गाडी कशी ओळखावी? बंद मोटारीत टप हा केवळ छत्रीसारखा नसतो, तो गाडीचा सांगाडा ताठ ठेवतो. तो काढला की मधला भाग खचू लागतो. म्हणून कारखाने कन्व्हर्टिबल बनविताना खालून जादा बळकटी देतात. १९६५ च्या फोर्ड मस्टँगचे उदाहरण घेता येईल. तिच्या कन्व्हर्टिबल आवृत्तीत दाराखालच्या पट्ट्या अधिक जाड पत्र्याच्या होत्या आणि पुढच्या आसनांखाली आडवी बळकटी होती. कापलेल्या गाडीत यांतले काही नसते. चारही चाके सपाट जमिनीवर असताना दार उघडून लावून पाहावे. दाराची फट वर रुंद आणि खाली चिंचोळी, किंवा याच्या उलट दिसली, दार लावताना उचलावे लागले, अथवा दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला बारीक तडे दिसले, तर सावध व्हावे. मग गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. चार दारांची उघडी गाडी असेल तर संशय आणखी वाढवावा. युद्धोत्तर काळात चार दारांच्या अमेरिकन कन्व्हर्टिबल अगदी मोजक्याच निघाल्या.

डोळ्यांपेक्षा अधिक भरवशाचा साक्षीदार म्हणजे चासी क्रमांक. अमेरिकन कंपन्यांनी या आकड्यांत गाडीची जन्मपत्रिकाच मांडून ठेवली आहे. १९६५ च्या मस्टँगचा क्रमांक '५ एफ ०८ सी' असा सुरू होत असेल, तर ५ म्हणजे १९६५ चे मॉडेल, 'एफ' म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल आणि 'सी' म्हणजे २८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिन. त्याच जागी ०७ असेल तर ती स्थिर टपाची गाडी आणि ०९ असेल तर उतरत्या पाठीची फास्टबॅक. १९६४ च्या व्ही-८ इम्पालाचा क्रमांक ४१८६७ ने सुरू झाला तर ती कन्व्हर्टिबल, ४१८४७ ने झाला तर दोन दारांची हार्डटॉप आणि ४१८६९ ने झाला तर चार दारांची सेडान. दारावर रिव्हेटने बसविलेली पट्टी बदलता येते. म्हणून पत्र्यात ठोकलेला मूळ क्रमांक शोधून तो पट्टीशी आणि आरसी बुकाशी ताडून पाहावा. तिन्ही जुळले नाहीत तर पुढील बोलणी थांबविणेच श्रेयस्कर.

या आकड्यांचे मोल किती, याची एक गोष्ट मोटारशौकिनांत प्रसिद्ध आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँगचे अनावरण झाले. अखेरच्या आकड्यांत १००००१ हा क्रमांक असलेली पहिली गाडी कन्व्हर्टिबलच होती. ती विकावयाची नसताना कॅनडातील न्यूफाउंडलंड येथील विक्रेत्याने ती स्टॅन्ली टकर नावाच्या वैमानिकाला विकून टाकली. ती परत मिळविण्यासाठी कंपनीला पुढे दहा लाखावी मस्टँग त्याच्या स्वाधीन करावी लागली. पहिली गाडी आता डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

दुसरा कळीचा भाग इंजिनाचा. लिटरला पाच-सहा किलोमीटर धावणारे पेट्रोल इंजिन १९७३ च्या तेलसंकटानंतर पोसणे भल्याभल्यांना जड गेले. परिणामी अनेक अमेरिकन गाड्यांच्या पोटात पर्किन्सची किंवा मॅटाडोरची डिझेल इंजिने आली. मुंबईत टॅक्सी म्हणून राबलेल्या डॉज आणि प्लिमथ तर या शस्त्रक्रियेतून हमखास गेल्या. त्या काळी हा व्यवहारी शहाणपणा होता आणि त्यामुळेच कित्येक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या, हेही मान्य केले पाहिजे. परंतु आज विक्रीच्या वेळी हाच बदल मालकाच्या अंगाशी येतो आणि त्याचे कारण कायद्यात आहे.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेले वाहनच या नियमांखाली व्हिंटेज ठरते. याचा सरळ अर्थ असा, की टप कापलेली प्लिमथ किंवा डिझेल इंजिन बसविलेली इम्पाला कितीही झळाळत असली, तरी तिला या व्याख्येत बसविणे कठीण. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यास मज्जाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात त्यावर शिक्कामोर्तब केले. विक्रेत्याने 'आरटीओचे आम्ही पाहून घेऊ' असे म्हटले, तर हे दोन संदर्भ ध्यानात असू द्यावेत.

नव्याने व्हिंटेज नोंदणी करावयाची तर शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे पाच हजार. अर्जासोबत विम्याची कागदपत्रे लागतात. भारतात आधी नोंद झालेली गाडी असेल तर जुने नोंदणीपत्र आणि आयात केलेली असेल तर सीमाशुल्काचे 'बिल ऑफ एंट्री' लागते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो, ही या नियमांतील सर्वांत सहृदय तरतूद म्हणावी लागेल. १९८९ पूर्वीचे तीन अक्षरी क्रमांक, विशेषतः मुंबई राज्याच्या काळातील 'बीएम'ने सुरू होणारे, हे त्या गाडीच्या इतिहासाचेच अंग असतात. नव्या नोंदणीत 'व्हीए' ही अक्षरे येतात. या सवलतीची किंमतही आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते. म्हणजे दर शनिवारी सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जाण्याचा बेत असेल, तर ही नोंदणी उपयोगाची नाही.

दुसरा मार्ग, सर्वसाधारण नोंदणीचे नूतनीकरण करीत राहण्याचा. तो दिवसेंदिवस महाग होत आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरील हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये झाले, आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी ते ८० हजार रुपये आहे. सौदा करण्यापूर्वी नोंदणी कोणत्या प्रकारची आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे पाहिलेच पाहिजे. वकिलातींकडून आलेल्या गाड्यांचे स्टिअरिंग बहुधा डावीकडे असते. तशी गाडी रस्त्यावर आणण्यासाठी कलम १२० प्रमाणे संकेत देणारी यंत्रणा चालू स्थितीत असावी लागते. एवढ्यासाठी स्टिअरिंग उजवीकडे हलविण्याचा उद्योग मात्र करू नये; अशा बदललेल्या स्टिअरिंगवर भरवसा ठेवणे जिवाशी खेळ ठरू शकते.

रिस्टोरेशन म्हणजे नेमके काय?

'रिस्टोअर केलेली' या शब्दांत दोन अगदी भिन्न गोष्टी लपतात. एक म्हणजे गाडी पूर्ण खोलून, सडलेला पत्रा कापून नवा जोडून, इंजिन मूळ मापांनुसार उभे करून केलेले काम. दुसरे म्हणजे पुट्टी, रंग आणि नवी सीट कव्हरे. पहिल्याला वर्षे लागतात, दुसऱ्याला महिना पुरतो. कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक चाकांवरच्या कमानींवर आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवून पाहावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि बिले मागावीत. ज्याने खरे काम केले आहे, तो ती अभिमानाने दाखवितो.

या बाबतीत पुणेकर सुदैवी म्हणावयास हवेत. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात एखादाच नग बनवून देणारी यंत्रशाळा शोधली तर सापडते, नाना पेठेत सुट्या भागांची बाजारपेठ आहे आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात क्वचित एखादा हेडलाइटचा कडा हाती लागतोही. तरीही गाडी निवडताना भागांची उपलब्धता ध्यानात घ्यावी. मस्टँग किंवा इम्पाला यांच्या रबरी पट्ट्यांपासून टपाच्या कापडापर्यंत जवळपास सारे अमेरिकेत आजही नव्याने तयार होते. आयात शुल्काची तयारी ठेवली की झाले. डिसोटोसारख्या बंद पडलेल्या नाममुद्रेचे तसे नाही. एक नवी अडचणही आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या काळचे रबर ते सोसत नाही. इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला आहे की नाही, हे विचारावे.

अस्सलपणा आणि कागद यांनीच मोटारीला मोल येते, याचे एक उदाहरण इंदूरच्या होळकरांच्या घराण्यात सापडते. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या 'एसजे' चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून केशरी-काळ्या रंगातील उघडी गाडी बांधवून घेतली. जगातील श्रेष्ठ अमेरिकन मोटारींत ती गणली जाते, परंतु ती पाहायची तर अमेरिकेकडे पाहावे लागते. संस्थाने विलीन झाल्यावर अशा कित्येक गाड्या परदेशी खरेदीदारांनी कवडीमोलाने नेल्या. पुढे केंद्र सरकारने १९५० पूर्वीच्या मोटारी आणि त्यांचे भाग देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. तोवर पुष्कळ काही गेले होते. म्हणूनच आज येथे उरलेली प्रत्येक अस्सल उघडी गाडी महत्त्वाची आणि कापलेल्या टपाची प्रत्येक गाडी त्या इतिहासात खोटी नोंद घालणारी.

राहिली किंमत. गुंतवणूक म्हणून मोटार घेणाऱ्यांनी १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडोची कथा जरूर वाचावी. अमेरिकेतील ही शेवटची कन्व्हर्टिबल, असा गवगवा झाला; सुमारे १४ हजार गाड्या निघाल्या आणि अनेकांनी त्या न वापरता झाकून ठेवल्या. १९८२ मध्ये क्रायस्लरने पुन्हा कन्व्हर्टिबल आणली, १९८४ मध्ये खुद्द कॅडिलॅकने तेच केले आणि फसवणूक झाली म्हणून जुने ग्राहक न्यायालयात गेले.

सौदा ठरलाच तर गाडी दिवसाउजेडी पाहावी, इंजिन थंड असताना सुरू करावे आणि टप निदान तीनदा उघडून मिटवावा. हायड्रॉलिक पंपाचे तेल आसनामागे ठिबकत असेल तर तेथेच दिसेल. साधी नोंदणी असल्यास फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणाची नोंद करावी. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीसाठी ही मुदत ९० दिवसांची आहे. आणि टोकन देण्यापूर्वी आपल्या सोसायटीतील पार्किंग टेपने मोजून घ्यावे : १९५९ ची इम्पाला जवळजवळ ५.४ मीटर लांब आहे.