जुन्या क्रोनोग्राफचे वेड



कामगार संघटनेच्या माणसाने श्रीमंतांच्या छंदावर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. जुन्या क्रोनोग्राफ मनगटी घड्याळांसाठी लोक लाखो रुपये मोजतात. 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या नटाचे असे एक घड्याळ 1 कोटी 77 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. छंदाची टर उडविणे सोपे असते. त्याचे मूळ शोधणे अधिक उपयोगाचे. या यंत्रात मोह पडण्याजोगे आहे तरी काय?

साध्या घड्याळाला आपण विचारतो, ‘किती वाजले?’ क्रोनोग्राफला विचारतो, ‘किती वेळ लागला?’ पहिला काळ आपल्याला न विचारता चालत राहतो. दुसरा आपण कळ दाबली की सुरू होतो आणि दाबली की थांबतो. या ग्रीक नावाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’, आणि आरंभी तो अक्षरशः खरा होता. 1821 साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक याचे यंत्र फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदवी. 1844 मध्ये आदोल्फ निकोल याने हृदयाच्या आकाराची चकती बसवून काटा एकदम शून्यावर आणण्याची युक्ती काढली. विसाव्या शतकात हे यंत्र मनगटावर आले. 1934 मध्ये ब्राइटलिंगने त्याला दुसरी कळ दिली : एक चालू-बंद करण्याची, दुसरी शून्यावर आणण्याची. त्यामुळे मोजणी मध्येच थांबवून तेथूनच पुढे चालविता येऊ लागली.

अशा मोजणीची निकड समजण्यास जुहूबाहेर जाण्याचे कारण नाही. येथला विमानतळ 1928 चा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपले लहानसे पस मॉथ विमान येथेच उतरविते झाले. आकाशात मैलाचे दगड नसतात. त्या काळचा वैमानिक दिशा होकायंत्रावरून आणि अंतर घड्याळावरून काढी. ताशी 100 मैल वेगाने जाताना एका मिनिटाची चूक म्हणजे सुमारे पावणेदोन मैलांची चूक! तबकडीच्या कडेचे बारीक आकडेही शोभेचे नव्हेत. एक किलोमीटर जाण्यास 36 सेकंद लागले, तर काटा 100 वर थांबतो. तोच ताशी वेग. डॉक्टरांसाठीच्या तबकडीवर नाडीचे ठोके काढण्याचे आकडे असत. प्रत्येक रेघेमागे कोणाचे तरी काम उभे आहे, आणि माझ्या मते संग्राहकाला मोह पडतो तो याचाच.

परंतु वेळ मोजण्याला दुसरीही बाजू आहे. ज्या 1928 साली जुहूचा विमानतळ सुरू झाला, त्याच साली गिरणगावातील सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. एका विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही योजना त्या संपाच्या कारणांपैकी एक होती. त्यापूर्वीच अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने हाती स्टॉपवॉच घेऊन मजुराची हालचाल सेकंदांत मोजण्याचे शास्त्र उभारले होते. वैमानिक स्वतःचा वेळ स्वतः मोजतो. मजुराचा वेळ दुसराच कोणी मोजतो. वाटाघाटींच्या टेबलाशी मी वर्षानुवर्षे हेच विचारीत आलो : ही मोजणी केली कोणी, आणि केव्हा? सकाळच्या ताज्या हातांवर, की पाळीच्या अखेरीस थकलेल्या हातांवर? दर त्यावरच ठरतो.

आता दुर्मीळतेविषयी. 1969 साली आपोआप चावी बसणारे क्रोनोग्राफ बाजारात आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सेइकोचे क्वार्ट्झ मनगटी घड्याळही आले. स्वित्झर्लंडच्या घड्याळ-धंद्यात 1970 च्या सुमारास 90,000 माणसे होती. 1980 च्या दशकात ती सुमारे 30,000 वर आली. आपल्या एचएमटीने 1961 साली बंगळूरला घड्याळे करण्यास आरंभ केला. ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला. आज ज्याला आपण दुर्मीळ म्हणतो, त्यामागे रिकामे झालेले कारागिरांचे बाक आहेत. 1982 च्या संपानंतरचा गिरणगाव ज्यांनी पाहिला, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

म्हणून छंद सोडा, असे मी म्हणणार नाही. उलट म्हणेन, तो नीट करा. चावीचे जुने घड्याळ पेटीत ठेवून जगत नाही. ते उघडून साफ करणारा, तेल देणारा, झिजलेले चाक ओळखणारा घड्याळजी लागतो, आणि तो हात एका पिढीत विसरला जाऊ शकतो. घड्याळासाठी लाख रुपये देणाऱ्याने घड्याळजीच्या मजुरीत घासाघीस करू नये. एखादा शिकाऊ मुलगा वा मुलगी हाताशी घ्या, असा आग्रह त्याने धरावा, आणि त्या शिकाऊ हाताला पहिल्या दिवसापासून वेतन मिळेल हेही पाहावे.