दुसरं माणूस

जिना अंधारा आहे, कठडा धरून चढा. साल 1938, जानेवारीतली रात्र, गाव लिव्हरपूल. गोदीकडच्या या गल्लीत घराला घर चिकटलेलं. खालच्या खोलीत नाणं टाकलं की चालणारं गॅसचं मीटर आहे. नवऱ्याने आज त्यात एक पेनी जास्तीची टाकली आहे. पाणी गरम लागतं, एवढं त्याला ठाऊक. वर यायची त्याला मुभा नाही.

वर मात्र तुम्ही पोचता. शेगडीत कोळसा धुमसतोय. गादीवर तपकिरी कागद, त्यावर धुवट चादर. बाईने पलंगाची लोखंडी दांडी मुठीत आवळली आहे आणि दाई तिची कंबर दाबून धरते आहे. दाई म्हटल्यावर आपल्याकडची आळीतली सुईण डोळ्यांपुढे आणू नका. ही परीक्षा देऊन आलेली. 1902 च्या कायद्याने नेमलेल्या सेंट्रल मिडवाइव्ह्ज बोर्डाच्या यादीत हिचं नाव आहे. साधं रेचक सोडून दुसरं कुठलंही औषध दिलं, तर त्याचं नाव, मात्रा, वेळ आणि कारण नोंदवहीत लिहायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

कोपऱ्यात पेटीएवढं एक यंत्र आहे. याच शहरातल्या डॉ. रॉबर्ट मिनिट यांनी ते 1933 मध्ये तयार केलं. नायट्रस ऑक्साइड आणि हवा यांचं मिश्रण त्यातून ओढायचं, कळ बोथट होते. दाईंना ते वापरायची परवानगी बोर्डाने 1936 मध्ये दिली आहे. तरी पेटी बंद आहे.

“तुम्ही नर्स?” दाई तुमच्याकडे न बघता विचारते.

नाही.

“दाई? शिकाऊ? डॉक्टरकीच्या वरच्या वर्गात?”

नाही.

“मग तुम्ही हिशेबात नाही. त्या किटलीकडे तरी बघा.”

बोर्डाच्या अटी तिला तोंडपाठ आहेत. दाईने या यंत्राचं वेगळं शिक्षण घेतलेलं हवं. आदल्या महिनाभरात डॉक्टरने बाईला तपासून तसं लिहून दिलेलं हवं. आणि खोलीत आणखी एक जण हवं, तेही वरच्या चौघांपैकी. बाईच्या उशाखाली डॉक्टरचा कागद आहे, दाईचं शिक्षण झालं आहे. अडलंय ते तुमच्यापाशी. सासू, शेजारीण, तुम्ही, सगळ्यांचे हात रिकामे, पण कायद्याच्या लेखी खोलीत दाई एकटीच.

नियम करणारे अगदीच खुळे नव्हते म्हणा. क्लोरोफॉर्मने माणसं दगावल्याचं त्यांना चांगलंच माहीत होतं. पण 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात तोच क्लोरोफॉर्म द्यायला डॉ. जॉन स्नो हजर होते. गोदीकामगाराच्या बायकोसाठी कोण येणार?

जिन्यावर पावलं वाजतात. शिकाऊ मुलगी आली आहे, सायकलवरून, नाक लाल झालेलं. तिने अजून फारशी बाळंतपणं पाहिलेली नाहीत, पण ती हिशेबात आहे. पेटी उघडते.

जरा वाकून बघा. रबरी नळी, टोकाला मुखवटा, आणि बोटाने झाकायचं एक भोक. बोट ठेवलं तरच वायू येतो. बाईला गुंगी चढली की बोट आपोआप सुटतं आणि ती नुसती हवा घेऊ लागते. म्हणून मुखवटा तिनेच धरायचा, दाईने नाही. “कळ चढायच्या आधी ओढा, मागून नाही,” दाई सांगते. दोन कळा चुकतात. तिसरीला बाईचा दांडीवरचा हात सैल पडतो. खाली नवऱ्याला वाटतं, काहीतरी बिनसलं; इतका वेळ ओरडणं ऐकून ऐकून त्याला शांततेचीच भीती वाटते.

मूल झाल्यावर दाई हात धुऊन नोंदवहीत वेळ टिपते.

याच खोलीत महायुद्ध संपल्यावर आलात, तर तुम्ही चालाल. तोवर दुसऱ्या माणसाची अट सैल झालेली आहे. 1950 नंतर आलात, तर दाईच्या पिशवीत पेथिडिन हे कळा शमवणारं औषधसुद्धा असेल, स्वतःच्या जबाबदारीवर द्यायला.

पण 1938 च्या त्या मुखवट्यात काय होतं, तेही ऐका. साध्या हवेत ऑक्सिजन शेकडा 21 असतो. वायू मिसळल्यावर तो जवळपास निम्म्यावर यायचा. बाईच्या वाट्याला तेवढाच, पोटातल्या मुलाच्याही. शिक्षण, कागद, साक्षीदार, सगळी चौकशी दाईभोवती झाली होती आणि खोट निघाली मंजूर मिश्रणात. पुढे एन्टोनॉक्स आलं, त्या मिश्रणाचा निम्मा भागच ऑक्सिजन. दाईंना ते द्यायची परवानगी 1965 मध्ये मिळाली. मिनिट यांच्या पद्धतीचा वायू-हवेचा वापर बोर्डाने बंद केला तो 1970 मध्ये, परवानगी दिल्यानंतर 34 वर्षांनी.