सीमारेषा सरकते तेव्हा

इंग्लंडात एक बरं असतं. माणूस ज्या परगण्यात जन्मला, त्या परगण्याचा क्रिकेट क्लब त्याचा. यॉर्कशायरवाले तर सोवळ्यातल्या आजीबाईंइतके कडक. 1992 सालापर्यंत परगण्याबाहेर जन्मलेल्याला त्यांनी सहसा संघाला शिवू दिलं नाही. (त्यांचे थोर कप्तान लॉर्ड हॉक स्वतः लिंकनशायरात जन्मलेले. पण सोवळ्यात एवढं चालायचंच!)

आता हा नियम आमच्या धाराशिवला लावून बघा. 1934 साली रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा आम्ही उस्मानाबाद, निजामाच्या मुलखातले. म्हणजे आमची काउंटी हैदराबाद. तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरला गेलं की इंग्रजी मुलूख. मध्ये निजामाचा करोडगिरी नाका. मालावर जकात पडायची; देवधरांच्या धावांवर ती बसवायचं सरकारला सुचलं नाही, हे नशीब. हे संस्कृतचे प्राध्यापक अठ्ठेचाळिशीत कप्तानी करत होते, आणि 1939-40 नि 1940-41 असे लागोपाठ दोन हंगाम महाराष्ट्राने करंडक नेला. आमचे आजोबा तेव्हा कागदावर हैदराबादचे आणि मनाने पुण्याचे.

पण हैदराबाद काही लेचंपेचं नव्हतं. 1937-38 च्या अंतिम सामन्यात एडुलजी ऐबारांनी नाबाद 137 काढले आणि नवानगरला फक्त एक गडी राखून हरवलं. हा विजय रीतसर आमचा होता. आजोबांनी मात्र त्याचं कधी नाव काढलं नाही. रझाकारांचे दिवस पाहिलेल्या माणसाला हैदराबादसाठी टाळी वाजवा, असं सांगायचं तरी कुणी?

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी संपली. त्याच डिसेंबरात पुण्याला भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद 443 केल्या. ब्रॅडमनच्या 452 ला नऊ कमी असताना पाहुण्यांनी सामना सोडून दिला! आजोबा यावर आयुष्यभर हळहळले, जणू घरचाच मुलगा उपाशी उठवला. वास्तविक आम्ही तेव्हाही हैदराबाद राज्यातच होतो. 1956 साली मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. सगळे क्षेत्ररक्षक जागच्या जागी उभे आणि सीमारेषाच सरकली, असा प्रकार.

हैदराबादने पुन्हा करंडक जिंकला तो थेट 1986-87 मध्ये. त्याचे पेढे आमच्या गल्लीत कुणी वाटले नाहीत. 1938 च्या विजयातला आमचा वाटा मात्र मी अजून सोडलेला नाही. एका गड्याने वाचलेली मॅच ती; कुणाचा तरी पायगुण असणारच की!