ग्राह्य मानलेली मुदत

व्हिसावर येण्याची परवानगी असते, तशी राहण्याची मुदतही असते. मार्च २०२० मध्ये ही मुदत पाळणे अनेकांच्या हाती राहिले नाही. ११ मार्चला केंद्र सरकारने बहुतेक व्हिसा स्थगित केले. भारतात आधीच आलेल्यांचे मात्र वैध ठेवले. पुढे विमाने थांबली, २५ मार्चला टाळेबंदी लागली. मुदत उलटून राहणे हा मात्र १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होता.

गृह मंत्रालयाचे त्या काळातले आदेश मी तारखांप्रमाणे लावले. सुरुवातीच्या आदेशांत ऑनलाइन अर्ज केल्यास व्हिसा विनाशुल्क वाढवून मिळे: आधी १५ एप्रिल, मग ३० एप्रिल, मग ३ मेपर्यंत. टाळेबंदी लांबली की तारीखही सरके. २९ जून २०२० च्या आदेशात भाषा बदलली. ३० जूननंतर संपणारी मुदत, नियमित विमानसेवा सुरू झाल्यावर आणखी ३० दिवसांपर्यंत 'ग्राह्य मानण्यात येईल'. तरीही लोक दरमहा अर्ज करीतच राहिले. ४ जून २०२१ ला मंत्रालयाने स्वतःच याची नोंद घेतली आणि ३१ ऑगस्टपर्यंत अर्जाची गरज नाही, दंडही नाही, असे स्पष्ट केले. पुढे ही मुदत ३० सप्टेंबरपर्यंत नेली. नियमित विमानसेवा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला.

ही उदारता सर्वांच्या वाट्याला आली नाही. २ एप्रिल २०२० ला तबलीगी जमातीशी संबंधित ९६० परदेशी नागरिकांचे पर्यटक व्हिसा रद्द झाले. अहमदनगर जिल्ह्यात अशा परदेशी नागरिकांवर व्हिसाच्या अटी मोडल्याचे आणि साथरोग कायद्याचेही गुन्हे दाखल झाले. हा कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमधून जन्मलेला. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळी जाण्यास आणि प्रवचन ऐकण्यास पर्यटक व्हिसावर बंदी नव्हती, हे न्यायालयाने नोंदवले.

दोन्हीकडे माणसे परकी, व्हिसा भारताचाच आणि साथही तीच. एकांची संपलेली मुदत आदेशाने ग्राह्य ठरली. दुसऱ्यांना आपले येणे गुन्हा नव्हता, हे ठरवून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्या काळच्या मुदतवाढीचा इतिहास लिहिताना दोन्ही कागद शेजारी ठेवले पाहिजेत.