माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस

मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट १९७७ साली पडद्यावर आला. त्यातील एका गीतात नायक ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून आपले नाव ठसक्यात सांगतो. ते नाव तेव्हापासून लहानथोरांच्या तोंडी झाले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही हे गीत दोन-तीन वर्षांआड हटकून होतेच. परंतु त्या नावाचा एक खराखुरा गृहस्थ सासष्टीतील माजोर्डे गावचा होता, तो व्हायोलिनवादक होता, आणि गीताचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्याचे शिष्य होते, ही गोष्ट आम्ही ज्यांना ज्यांना सांगितली त्यांपैकी बहुतेकांनी ती थट्टा समजून हसण्यावारी नेली. गुरुदक्षिणा इतक्या विनोदी वेषात क्वचितच कोणी दिली असेल.

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १२ जून १९२७ चा. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे मेस्त होते. हा मेस्त म्हणजे गोव्याच्या सांस्कृतिक इतिहासातील एक मोठी संस्था होय. पण आमच्या मराठी ग्रंथांत तिच्यासाठी दोन ओळीही सहसा आढळत नाहीत. चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त मुलांना स्वरलेखन वाचावयास, गावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत असे. या शिक्षणाचा मूळ हेतू धार्मिक होता, हे उघडच आहे. तथापि त्याचे फळ अगदी निराळ्या ठिकाणी आले. समोर ठेवलेला कागद पाहून ताबडतोब वाजवू शकणारे तरुण गावोगाव तयार झाले. गावात तर त्यांना पोटापुरते काम नव्हते. तेव्हा नृत्यगृहे, हॉटेले, मूकपटांची नाट्यगृहे आणि पुढे बोलपटांचे ध्वनिमुद्रण यांसाठी ते मुंबईची वाट धरू लागले. गोन्साल्विसही याच वाटेने गेले आणि १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, नौशाद यांच्या वादकांत दाखल झाले.

त्या काळच्या कामाची रीत ध्यानात घेतल्याखेरीज या माणसाचे मोल कळणार नाही. संगीतकार पेटीवर चाल बसवी. ती व्हायोलिनांना, चेल्लोंना, सनईला, सतारीला कशी वाटून द्यावयाची, कोणी कोठे थांबावयाचे, दोन कडव्यांमधील मोकळी जागा कशाने भरावयाची, हे सारे लिहून काढणारा मनुष्य पुष्कळदा वेगळाच असे. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट हे गोमंतकीय या कामात अग्रेसर होते, आणि त्यांच्याच पंगतीत गोन्साल्विस बसतात. चित्रपटाच्या नामावलीत मात्र अशा माणसाचे नाव फार तर ‘साहाय्यक’ म्हणून येई, आणि बहुधा तेवढेही येत नसे. वादकांच्या रांगेत कोण बसले होते याचा तर कोणी हिशेबच ठेवला नाही. त्यामुळे अमुक गीतातील अमुक स्वरावली यांचीच, असे आज छातीठोकपणे सांगणे अवघड झाले आहे. हा केवळ श्रेयाचा प्रश्न नव्हे. हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहासच त्यामुळे अर्धा लिहिला गेला आहे.

पण नुसते कुशल रचनाकार म्हणून गोन्साल्विस यांची बोळवण करणे आम्हांस मान्य नाही. त्यांचे वेगळेपण असे की, कागद वाचता येतो एवढ्यावर ते समाधान मानून राहिले नाहीत. रागसंगीत ऐकताच त्याने त्यांना ओढून घेतले, आणि त्यांनी ते सारंगीवादक पं. रामनारायण यांच्यासारख्यांकडून रीतसर समजून घेतले. दोन्ही परंपरांत व्हायोलिन एकच असले, तरी ते धरण्यापासूनच भेद सुरू होतो. पाश्चात्त्य वादक ते हनुवटीखाली धरतो, तारा पंचमांच्या अंतराने लावतो, आणि प्रत्येक स्वर जागच्या जागी सुटा व स्वच्छ मिळावा असे पाहतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे शीर घोट्यावर टेकवतो, तारा षड्ज-पंचमात मिळवतो, आणि त्याचे सारे लक्ष दोन स्वरांमधल्या वाटेवर असते. मींड आणि आंदोलन पाच रेघांवर लिहावयाचे कसे? शिवाय रागाला स्वरसंवादाचे, म्हणजे एका वेळी अनेक स्वरांच्या मेळाचे, वावडे. खाली चुकीचा स्वर भरला की तोडीची तोडी राहत नाही.

हीच अडचण सोडविण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९५८ साली ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारून त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायले. ‘सोनाटिना इंडियाना’ आणि सारंग रागावरील कॉन्चेर्टो या त्यांच्या रचनांची नावेच त्यांची दिशा सांगतात. चित्रपटातील मिळकतीवर स्वस्थ बसता आले असते अशा वेळी हा खटाटोप त्यांनी केला. प्रयत्न पूर्ण साधला काय, हा वादाचा विषय आहे. रागाचा विस्तार आधी कागदावर बांधून टाकला की त्यातील उपज जाते, असे जुन्या गवयांचे म्हणणे आम्हांसही पटते. परंतु बांधून टाकण्यापूर्वी तो शिकून घेण्याचे कष्ट गोन्साल्विस यांनी घेतले होते, आणि पुढे पूर्व-पश्चिम संगमाच्या नावाखाली जे पुष्कळसे घडले त्यात हे कष्ट दिसत नाहीत.

शिक्षक म्हणून त्यांची योग्यता निर्विवाद आहे. प्यारेलाल लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. राहुल देव बर्मनही त्यांचे विद्यार्थी. पुढील पिढीच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनांचा जो भरगच्च ताफा ऐकू येतो, त्याचे एक मूळ या शिकवणीत आहे.

१९६५ साली ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले, आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांशी असलेला त्यांचा संबंध संपला. तेथून परतल्यावर ते माजोर्ड्यास राहू लागले. गीताने देश दणाणून सोडला तेव्हा त्या नावाचा धनी मुंबईच्या संगीतव्यवसायातून केव्हाच बाहेर पडलेला होता. गीतात आधी दुसरेच आडनाव होते, ते प्यारेलाल यांनी आग्रहाने बदलून घेतले, असे सांगतात. १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस गोव्यात वारले. त्यांचे वय ८४ होते. निधनाच्या वार्तेतही त्यांची ओळख करून द्यावयास ते गीतच पुढे करावे लागले. सारंगातील कॉन्चेर्टो किती वाचकांना ठाऊक असणार?