उभ्या रेघेचा इतिहास

जुन्या पोथ्यांत उभी रेघ आली की वाचणारा थांबतो. अर्धा श्लोक झाला की एक दंड, पुरा झाला की दोन. संगणकाला दिलेल्या आज्ञांमध्ये मात्र हीच रेघ पुढे जायला सांगते. डावीकडच्या आज्ञेतून जे बाहेर पडेल ते उजवीकडच्या आज्ञेच्या हाती द्यायचे, एवढाच तिचा अर्थ. तिला ‘पाइप’ म्हणतात. सर्व्हर सांभाळणारा माझ्यासारखा माणूस ती दिवसातून किती वेळा वापरतो याची गणती नाही. ही रेघ कोठून आली, आणि मराठी मजकुराला तिच्यातून वाहायला एवढा उशीर का लागला, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी रेघेचे काम समजून घेऊ. सर्व्हरची डिस्क भरली, ही आमच्या धंद्यातली नित्याची तक्रार. जागा कोणी खाल्ली हे शोधायला वेगळा प्रोग्राम विकत आणावा लागत नाही. ‘डीयू’ ही आज्ञा प्रत्येक फोल्डरने किती जागा व्यापली ते ओळीओळीने सांगते. ‘सॉर्ट’ त्या ओळी आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावते. ‘टेल’ शेवटच्या दहा ओळी ठेवते. तिघींच्या मध्ये दोन उभ्या रेघा घातल्या की सर्वांत मोठे दहा फोल्डर समोर येतात. ‘सॉर्ट’ला डिस्क म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि ‘डीयू’ला क्रम लावता येत नाही. तरी त्यांचे जमते, कारण दोघींची बोली एक आहे: साध्या मजकुराच्या ओळी.

या कल्पनेची पहिली नोंद ११ ऑक्टोबर १९६४ची आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डग्लस मॅकइलरॉय यांनी एक टिपण टंकलिखित केले. बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा हवा तेव्हा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असे त्यांनी त्यात म्हटले होते. पुढची काही वर्षे ते टिपण कागदावरच राहिले. १९६९ मध्ये ‘मल्टिक्स’ या अवाढव्य प्रकल्पातून बेल लॅब्ज बाहेर पडली. त्यानंतर केन थॉम्प्सन यांनी फारसे वापरात नसलेल्या पीडीपी-७ या यंत्रावर एक छोटी प्रणाली उभी केली, आणि डेनिस रिची त्यांच्या जोडीला होते. तीच युनिक्स. मॅकइलरॉय यांनी आपल्या नळीचा लकडा चालूच ठेवला. अखेर १९७३च्या आरंभी थॉम्प्सन यांनी एका रात्रीत पाइपची सोय करून टाकली. दुसऱ्या दिवशी जो तो आज्ञा एकमेकींना जोडून पाहू लागला, असे मॅकइलरॉय यांनीच सांगून ठेवले आहे. पहिल्या आवृत्तीत खूण वेगळी होती. उभी रेघ थोड्याच काळात तिच्या जागी आली.

शोध घेणाऱ्या ‘ग्रेप’ या आज्ञेची जन्मकथाही याच काळातली. बेल लॅब्जमधले ली मॅकमॅहन ‘फेडरलिस्ट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ८५ अमेरिकी निबंधांचा अभ्यास करत होते. त्यातले काही निबंध नक्की कोणाचे, हा वाद शब्दांच्या वापरावरून सोडवता येईल का, हा त्यांचा प्रश्न. मजकूर एवढा मोठा होता की त्या वेळच्या संपादन प्रोग्रामात तो मावेना. तेव्हा थॉम्प्सन यांनी त्या प्रोग्राममधला शोधाचा भाग वेगळा काढला. ‘सर्वत्र हा नमुना शोध आणि छाप’ अशा अर्थाच्या संपादकीय आज्ञेतली अक्षरे जोडून ‘ग्रेप’ हे नाव झाले. आज सर्व्हरच्या नोंदवहीतली चूक शोधणारी ही आज्ञा मुळात वाङ्मयीन संशोधनाच्या गरजेतून बाहेर आली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

छपाईनेही या प्रणालीला एक देणगी दिली. सुरुवातीला प्रोग्रामची तक्रारही त्याच नळीतून पुढे जाई. फोटोटाइपसेटर आला तेव्हा पंचाईत झाली. लांबलचक कागद उग्र वासाच्या रसायनांतून काढावा, आणि त्यावर सुरेख टायपात एकच ओळ उमटलेली असावी: अमुक फाइल उघडता येत नाही. अशा काही अनुभवांनंतर तक्रारींसाठी वेगळी वाट काढली गेली, ती आजही ‘स्टँडर्ड एरर’ या नावाने आहे.

या साऱ्या सोयी मराठीला मात्र बराच काळ परक्या राहिल्या. छपाईसाठी मराठी संगणकावर आली ती बहुतांशी फॉन्टच्या रूपाने. इंग्रजी अक्षरांच्या आसनांवर देवनागरी आकार बसवलेले होते; पडद्यावर मराठी दिसे, फाइलीत मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असे. शिवाय प्रत्येक फॉन्टची आसनव्यवस्था निराळी. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक निश्चित झाले, तरी छापखान्यांत फॉन्टचेच संकेत चालत राहिले. अशा फाइलीत ‘ग्रेप’ला ‘दिवाळी’ शोधायला सांगितले तर ती काहीच सापडले नाही म्हणते, आणि ते खरेच असते.

वाट मोकळी केली ती पुन्हा थॉम्प्सन यांनीच. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, रॉब पाइक यांच्यासमवेत जेवताना, टेबलावरच्या कागदावर त्यांनी ‘यूटीएफ-८’ची मांडणी केली. युनिकोडमध्ये देवनागरी त्याआधीच आली होती. आता तिला जुन्या नळीतून वाहता येण्याजोगे रूप मिळाले. या पद्धतीत इंग्रजी अक्षरे पूर्वीसारखीच राहतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्या तिन्हींतला एकही बाइट इंग्रजी अक्षरासारखा किंवा ओळ संपवणाऱ्या खुणेसारखा दिसत नाही. त्यामुळे जुन्या आज्ञा मजकूर न बिघडवता पुढे देतात. ‘मराठी’ हा शब्द मोजायला दिला तर ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा पंधरा बाइट किंवा पाच चिन्हे सांगते. आपण वाचतो ती अक्षरे तीन, हा हिशेब तिला अजून येत नाही.

एका संस्थेच्या नियतकालिकाचे जुने अंक असे फॉन्टमधून मोकळे करण्याचे काम माझ्याकडे आले होते. मूळ फाइली बाजूला ठेवून प्रतींवर काम केले. अक्षराला अक्षर देणारा तक्ता करणे सोपे. खरी अडचण क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराआधी टंकलेला असतो, युनिकोडमध्ये तो नंतर येतो. रफाराचे नेमके उलटे. ‘सेड’ या आज्ञेने हे नियम लावले. पण चुका कशा शोधायच्या? तेथे १९८६ची एक गाजलेली देवघेव उपयोगी पडली. मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द काढण्यासाठी डोनाल्ड नूथ यांनी पानेच्या पाने भरणारा देखणा प्रोग्राम लिहिला होता. त्याच्या समीक्षेत मॅकइलरॉय यांनी सहा आज्ञा पाइपने जोडून तेच काम करून दाखवले. मी तीच साखळी उलट्या टोकाने वाचली. ‘आणि’, ‘आहे’ हजारांनी आले. एकदाच आलेल्या शब्दांच्या यादीत दुर्मिळ शब्द होते, आणि त्यांच्यातच मोडके इकार नि भरकटलेले रफार गोळा झाले होते. ती यादी डोळ्यांखालून घालणे हेच मग काम उरले.

अशा फाइली आजही अनेक ग्रंथालयांच्या, मंडळांच्या कपाटांत सीडीवर पडून आहेत. ज्या फॉन्टमध्ये त्या जुळवल्या तो हाताशी आहे तोवर त्या पडद्यावर वाचून ताडून पाहता येतील. नंतर तक्ता करायलाही आधार उरणार नाही. म्हणून ज्यांच्याकडे असे अंक आहेत त्यांनी तो फॉन्ट, मूळ फाइल आणि छापील प्रत ही तिन्ही एकत्र जपावीत, आणि युनिकोडमधली साध्या मजकुराची एक प्रत आताच करून ठेवावी.