प्रवासी, मासेमार आणि पिस्तूल : अमेरिकेतील आंतरराज्यीय शस्त्रवहनाचा कायदेशीर इतिहास

प्रस्तावना :

गळ, तंबू आणि शिधा घेऊन परराज्यातील नदीकाठी मुक्कामाला जाणारा हौशी मासेमार हे अमेरिकेतील परिचित दृश्य आहे. त्याच्या सामानात पुष्कळदा पिस्तूलही असते. स्वतःच्या राज्यात पूर्णतः वैध असलेले हे शस्त्र सीमा ओलांडताच गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते. भारतीय अभ्यासकास हे चमत्कारिक वाटेल. कारण आपल्या संविधानाने शस्त्रास्त्रे हा विषय संघसूचीत ठेवला असून १९५९ चा शस्त्र अधिनियम सर्व देशास लागू आहे. अमेरिकेत मात्र शस्त्र बाळगण्याचे नियमन मुख्यतः राज्यांकडे राहिले. या गुंतागुंतीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवाशाचा अपवाद :

दुसरी घटनादुरुस्ती १७९१ मध्ये संमत झाली, तरी तिचे बंधन दीर्घकाळ केवळ केंद्रसत्तेवरच मानले जात होते. केंटकी राज्याने १८१३ मध्ये शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी केली. परंतु प्रवासास निघालेल्या व्यक्तीस तीतून वगळले. हा कायदा १८२२ मध्ये तेथील न्यायालयाने अवैध ठरविला, तरी प्रवाशाच्या अपवादाची कल्पना इतर राज्यांत टिकून राहिली. टेक्सासने १८७१ मध्ये पिस्तूल बाळगण्यावर कडक निर्बंध आणताना प्रवाशास सूट दिली, पण प्रवासी म्हणजे कोण, हे सांगितले नाही. किती अंतर कापले म्हणजे प्रवास होतो, वाटेत मुक्काम केल्यास तो खंडित होतो काय, हे प्रश्न न्यायालयांपुढे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. घोड्यावरून ओसाड मुलूख ओलांडणाऱ्यासाठी केलेली तरतूद मोटारीच्या युगात अपुरी पडणे स्वाभाविकच होते.

काही राज्यांनी मासेमारीचाच स्वतंत्र अपवाद केला. फ्लोरिडाच्या कायद्यात मासेमारी करताना व त्यासाठी जाता-येता शस्त्र बाळगण्यास सवलत आहे. कॅलिफोर्नियात ती मासेमारीचा परवाना असलेल्यांपुरती आहे. न्यू जर्सीत तर शस्त्र हे शिकारीस किंवा मासेमारीस योग्य असावे, अशी अट आहे. पिस्तूल मासेमारीस योग्य कसे ठरावे, हा प्रश्न कायदा वाचणाऱ्यास पडल्यावाचून राहत नाही.

१९८६ चा केंद्रीय कायदा :

राज्याराज्यांतील ही तफावत दूर करण्यासाठी काँग्रेसने शस्त्रधारकांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९ मे १९८६ रोजी स्वाक्षरी केली. ज्या ठिकाणाहून निघायचे आणि जेथे पोहोचायचे, तेथे दोन्हीकडे शस्त्र बाळगणे वैध असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. मात्र शस्त्रात गोळ्या भरलेल्या नसाव्यात आणि शस्त्र वा गोळ्या प्रवाशाच्या हाताशी नसाव्यात. गाडीस स्वतंत्र डिकी नसल्यास त्या कुलूपबंद पेटीत ठेवाव्यात; डॅशबोर्डचा कप्पा त्यासाठी चालत नाही.

माझ्या मते या कायद्याची खरी मर्यादा येथेच आहे. तो वाटचालीस संरक्षण देतो, मुक्कामास नाही. आणि मासेमारीची सहल म्हणजे मुख्यतः मुक्कामच. २००५ मध्ये यूटाहून पेनसिल्व्हेनियास निघालेल्या एका विमानप्रवाशाचे पुढचे विमान न्यू जर्सीतील नेवार्क येथे हुकले. सामान ताब्यात घेऊन त्याने रात्र हॉटेलात काढली आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याला अटक झाली. हॉटेलात शस्त्र त्याच्या हाताशी होते, म्हणून हे संरक्षण त्यास लागू नाही, असा निर्णय केंद्रीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये दिला. प्रवासी कोण, हा टेक्सासमधील जुनाच प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहिलेला दिसतो.

राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून ज्या त्या राज्याचा शस्त्रकायदा लागू झाला. यलोस्टोन हे उद्यान वायोमिंग, मोंटाना व आयडाहो अशा तीन राज्यांत पसरलेले आहे. मासे धरण्यासाठी तेथे उद्यानाचा एकच परवाना पुरतो. शस्त्रासाठी मात्र आपण कोणत्या राज्याच्या हद्दीत उभे आहोत, हे पाहावे लागते.

अलीकडील घडामोडी :

सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी, ब्रुएन खटल्यात, घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला. पण परवानापद्धती मोडीत काढली नाही. एका राज्याचा परवाना सर्वत्र ग्राह्य धरण्याचे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले होते. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली होती. त्यांपैकी न्यू हॅम्पशायरने हा निर्णय २०१७ मध्ये घेतला. त्याच्या दक्षिणेस लागून असलेल्या मॅसॅच्युसेट्सने मात्र विनापरवाना शस्त्र बाळगणाऱ्यास १९७४ च्या कायद्याने किमान एक वर्षाची सक्तीची कैद ठरविली होती, आणि परराज्यातून येणाऱ्यासही तेथे स्वतंत्र परवाना काढावा लागतो. मेरिमॅक नदी या दोन्ही राज्यांतून वाहते.